पयले हात, मंग बात

दौलतकाकाच्या उजव्या हाताचं मधलं बोट वाकडं होतं. कुणाच्या तरी दातांवर आपटून ते मोडलं होतं आणि नीट बसवून घ्यायला काकाला सवड झाली नव्हती. दात कुणाचे होते, हे विचारलं की दर वेळी नवीन माणसाचं नाव ऐकायला मिळायचं. यावरून आम्ही पोरं एवढंच समजलो होतो की दात बऱ्याच जणांचे पडलेले असावेत.

हा माझ्या वडिलांचा धाकटा भाऊ. बुटका, रुंद, आणि राग आला की आधी कान लाल होणारा. कान लाल झाले की समोरच्यानं तिथून निघून जावं हे गावातल्या शहाण्यांना ठाऊक होतं. "पयले हात, मंग बात" ही त्याची रीत होती आणि ती तो शाळेत सुविचार सांगावा तशी सांगायचा. गाव हसायचं, आम्हीही हसायचो. असला काका घरात असणं म्हणजे दाराशी वाघ बांधल्यासारखं वाटायचं, आणि खरं सांगायचं तर आम्हाला त्याचा अभिमान होता.

आमचं गाव बडनेऱ्याहून नांदगाव खंडेश्वरकडे जाताना आत वळावं लागतं तिथलं. आमची पिढीजात फुलांची शेती. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. माल अमरावतीच्या बाजारात जायचा, तो पूर्वी बैलगाडीनं बडनेऱ्याला आणि तिथून मिळेल त्या वाहनानं. पहाटे तोडलेली फुलं बाजारात पोचेपर्यंत मान टाकायची. मग एका वर्षी काकानं बैलजोडी विकली आणि एक जुनी पांढरी व्हॅन दारात आणून उभी केली. आबा, म्हणजे माझे आजोबा, ओसरीवरच्या बाजेवर बसले होते. त्यांनी गाडीकडे पाहिलं नाही, काकाकडेही पाहिलं नाही, नुसतं तोंड भिंतीकडे केलं. काका वडिलांसमोर अवाक्षर बोलला नाही. त्यांच्यासमोर तो बाजेवर बसतसुद्धा नसे.

ती व्हॅन आमच्याकडे पुढे कैक वर्षं टिकली. बाजाराच्या दिवशी मागच्या सीट काढून त्यात फुलांची पोती भरायची, लग्नकार्य आलं की सीट परत बसवायच्या. तिला सात माणसं बसावीत असं कागदावर होतं. आम्ही चौदाजण शेगावला जाऊन आलो, वर एक बकेट भरून बेसनाचे लाडू. इंजिन पुढच्या सीटखाली असल्यामुळे पुढे बसणाऱ्याचं बूड शेकून निघायचं. हा मान पाहुण्यांना द्यायचा. ओल्या फुलांचं पाणी झिरपून मागचा पत्रा सडला आणि एका जागी भोक पडलं. त्यातून खालचा रस्ता पळताना दिसायचा आणि पोरांची त्या जागेसाठी भांडणं लागायची. सरकतं दार काकाशिवाय कुणाला लागायचं नाही. वर उचलून, कंबरेनं एक धक्का, मग खाली. धडाड असा आवाज झाला की अख्ख्या गल्लीला कळायचं, दौलत निघाला.

आणि तिला कधीही, काहीही झालं तरी, शेवंतीचा वास यायचा.

गावाला अॅम्ब्युलन्स तीच. कुणाला साप चावला, कुणाची बाई अडली, तर माणसं काकाचं दार वाजवायची. काकानं कधी कुणाकडून पेट्रोलसुद्धा घेतलं नाही. एकदा अडलेल्या बाईला घेऊन जाताना बडनेऱ्याच्या पुलाजवळ एका ट्रकवाल्यानं बाजू दिली नाही. काकानं पुढे जाऊन व्हॅन आडवी लावली, ट्रकवाल्याला केबिनमधून ओढून काढलं, दोन ठेवून दिल्या, परत येऊन गाडी चालू केली. बाईच्या नवऱ्याने हात जोडले. म्हणाला, "दौलतभाऊ, पयले दवाखाना, मंग मारामारी." काका म्हणाला, "बाप्पा, येताना तो सापडला नसता ना!" ती बाई सुखरूप मोकळी झाली आणि पोराचं नाव तिनं दौलत ठेवलं.

पोळ्याची गोष्ट तर अजून गावात सांगतात. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांचे खांदे हळद-तुपानं चोळतात आणि त्यांना आमंत्रण देतात. त्या वर्षी गोठा रिकामा. काकूनं तरीही सवयीनं वाटीत तूप-हळद कालवली आणि मग ती हातात धरून उभीच राहिली. काकानं ती वाटी घेतली, व्हॅनपाशी गेला, आणि बैलाचा खांदा म्हणजे गाडीचा कोणता भाग असावा याचा बराच विचार करून दोन्ही दिव्यांच्या वरचा पत्रा चोळायला बसला. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या," असं तो तिला इतक्या गंभीरपणे म्हणाला की कुणाला हसायचा धीर झाला नाही. आबांनी त्या संध्याकाळी पहिल्यांदा भिंतीकडचं तोंड वळवलं.

दुसऱ्या दिवशी व्हॅनला झूल, बाशिंग, आरशांना गोंडे. काकानं तिला गावाच्या तोरणाखाली नेऊन बैलांच्या रांगेत, आमच्या घराण्याच्या मानाच्या जागी उभी केली. आमच्या पुढे पाटलांची जोडी असायची. पाटलांचा गजानन म्हणाला, "दौलत्या, इचं शेण कोन काढते बे?" लोक हसले. तेवढ्यावर थांबला असता तर बरं, पण तो पुढे म्हणाला, "बापाचे बैल इकून डबडं आनलं."

बापाचं नाव निघालं आणि कान लाल झाले. काकानं गजाननच्याच हातातली काठी हिसकावली आणि त्याच्या तोंडावर मारली. ओठ फाटून रक्त पांढऱ्या सदऱ्यावर आलं. पाटलांची माणसं धावली. वाजंत्री गोंधळून आणखी जोरात वाजवायला लागले, बैल बिथरले, तोरण तुटलं, एक जोडी मिठाईच्या दुकानात शिरली. कुणीतरी दगड मारून व्हॅनची पुढची काच फोडली. काका बाशिंग बांधलेल्या व्हॅनला पाठ लावून उभा राहिला आणि येईल त्याला मारत राहिला, स्वतःच्या डोक्यातून रक्त गळत असताना. शेवटी आबा काठी टेकत आले. त्यांनी नुसतं "दौलत" म्हटलं. काकाने हातातली काठी टाकली आणि मान खाली घालून मागोमाग घरी आला.

त्याच्या डोक्याला टाके पडले आणि गजाननचे दोन दात गेले. आम्ही पोरांनी ते दात वर्षभर शोधले.

आता काकूबद्दल सांगायला हवं. रुख्माकाकू उंच, शेलाटी, कमी बोलणारी. सुईत दोरा ओवून ती इतक्या भरभर हार करायची की फुलं आपणहून दोऱ्यात जातात असं वाटायचं. आमचं घर एकत्र. पुढे आबा, मधे आजी, भिंतीला भिंत लागून आम्ही. अशा घरात वडीलधाऱ्यांसमोर नवरा-बायकोनं एकमेकांशी बोलायचंसुद्धा नाही अशी चाल होती. भांडायचं तर सोडाच. आबा बाहेर अभिमानानं सांगत, "आमच्या घरात बाईवर हात उचलाची रीत नाई." ते खरंच होतं. घरात काकानं काकूला कधी बोट लावलं नाही.

तो तिला व्हॅनमध्ये घेऊन जायचा.

भाजीत मीठ जास्त झालं, माहेरचं कुणी न सांगता आलं, बाजारात हार कमी गेले, काहीही. काका दारातून म्हणायचा, "चाल, मळ्यातून येऊ." काकू हात धुवायची, पदर सारखा करायची आणि गाडीत जाऊन बसायची. ते सरकतं दार धडाड लागायचं. आम्ही पोरं गाडीमागे धावायचो, आम्हालाही न्या म्हणून रडायचो. मळ्याच्या अलीकडे नाल्याकाठी बाभळीखाली व्हॅन उभी राहायची, काचा वर केलेल्या. परत आल्यावर दोन दिवस काकूचा पदर कपाळावर खाली ओढलेला असे. माझी आई न विचारता तेलात हळद गरम करायची आणि दोघी स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायच्या. बायकांना सगळं माहीत होतं. बायकांना माहीत असणं म्हणजे घराला माहीत असणं नव्हे. मला हे कळलं ते फार उशिरा, अकोल्याला, आणि कळलं तेव्हा मला माझ्या काकाची शिसारी आली. ती पूर्ण गेलेली नाही, आणि मायाही गेली नाही.

काकाला एकच मुलगी, सुषमाताई. माझ्याहून चार वर्षांनी मोठी. तिच्यावर काकाचा भारी जीव. तिला त्यानं जन्मात चापट मारली नाही. दहावीपर्यंत तो तिला व्हॅननं शाळेत सोडायचा. तीच मेली पायी जाते म्हणून हट्ट करायची आणि आम्हाला तिचा वेडेपणा कळायचा नाही. पुढे तिला अकोल्याला दिली. जावयाचं सिमेंट-लोखंडाचं दुकान होतं. मांडवातून निघताना काकानं जावयाचा खांदा आपल्या वाकड्या बोटाच्या हातानं दाबला आणि हसत हसत म्हणाला, "जावाईबापू, माह्या पोरीले काई झालं तर मी दवाखान्यात नाई नेत, सिध्दा मसनात नेतो." सगळे हसले. काका मनोमन निर्धास्त झाला. आपल्या हाताची दहशत अकोल्यापर्यंत पुरेल अशी त्याची पक्की खात्री होती. "दौलतच्या पोरीले हात लावाची कोनाची टाप हाय?" हे तो पुढची कितीतरी वर्षं म्हणत राहिला. सुषमाताई माहेरी आली की गप्प असायची, पण तिच्या आईवर गेली असं सगळे म्हणायचे.

मग एका दुपारी अकोल्याहून फोन आला. सुषमाताईच्या शेजारची बाई बोलत होती. "तुमच्या पोरीचा हात मोडला जी. दोन दिसापासून खोलीत कोंडून हाय. दवाखान्यात बी नेऊन नाई राहिले. जिती पायजे असन तर आज या."

काकाचे कान लाल झाले नाहीत. ते पांढरे पडले. त्यानं सीटखालची टॉमी, चाकं खोलायची लोखंडी दांडी, बाहेर काढून पायाशी ठेवली. आबा म्हणाले, "भांडू नको दौलत. पोरगी घेऊन ये." काका प्रथमच त्यांचं न ऐकता गाडीत बसला. मी पुढे बसलो. आणि मग कुणीही बोलावलं नसताना काकू आली आणि मागे बसली. तिला ते दार लावता येईना. काकानं उतरून लावलं.

मूर्तिजापूर कधी गेलं ते कळलं नाही. खालचं इंजिन भाजत होतं, काका एक हात हॉर्नवरून काढत नव्हता. मी मागे वळून पाहिलं, तर काकू भोकावर पाय ठेवून ताठ बसली होती.

सुषमाताईचं घर एका बोळात होतं. जावई दारातच भेटला, बनियनवर, हातात चहाचा कप. काकानं विचारलं काहीच नाही. पहिला फटका कप धरलेल्या हातावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. त्यानं त्याला केसांना धरून पायरीवरून खाली ओढलं, गुडघ्यावर मारलं, बरगडीत मारलं. सासू ओरडत आडवी आली, तिला एका हातानं ढकललं तर ती पडवीतल्या घागरींवर जाऊन पडली. सासरा घरात पळाला आणि त्यानं आतून कडी लावली. बोळ भरला. कुणी सोडवायला पुढे येईना. एक म्हातारा म्हणालाही, "बाप असावा तं असा!" आणि दोघातिघांनी मान डोलावली. मी काकाची कंबर धरली होती, पण त्याला थांबवावं असं मला मनापासून वाटत नव्हतं. जावई आता ओरडतही नव्हता. नुसता फरशीवर रक्ताच्या गुळण्या टाकत होता. काकानं टॉमी दोन्ही हातांनी डोक्यावर उचलली. तो फटका बसता तर सगळं संपलं असतं.

तेवढ्यात ती वरच्या वर धरली गेली. शेजारणीनं मागच्या दारानं शिरून खोलीची कडी काढली होती आणि सुषमाताई येऊन उभी होती. एक डोळा बंद, जबडा सुजलेला, डावा हात ओढणीत बांधून गळ्यात. उजव्या हातानं तिनं टॉमीचं टोक धरलं होतं.

"सोड सुषमा," काका म्हणाला. "आज याले ठेवत नाई."

"बस करा बाबा. यानं मले घरात मारलं. तुमी आईले गाडीत मारत होते. येवढाच फरक."

काकाला समजलंच नाही. "काय बोलून राहिली तू?"

"मी मांगं होती ना. शेवंतीच्या पोत्याआड लपून बसली होती, मळ्यात जायाले भेटते म्हनून. तुमी काचा वर केल्या. आई म्हने, हळू मारा, मळ्यात मोठे भाऊजी हायेत, त्यायले आयकू जाईन." तिला बोलताना जबडा दुखत होता, ती थांबून थांबून बोलत होती. "मले वाटलं नवरा असाच रायते. म्हनून मी इतके वर्स कोनाले सांगतलं नाई. मले वाटलं, बाबाले सांगून काय होते."

काकानं वळून काकूकडे पाहिलं. तिनं हे सगळं नाकारावं, पोरगी भ्रमात आहे म्हणावं, असं त्याला वाटत असणार. काकू गाडीला टेकून उभी होती. तिनं नाकारलं नाही.

टॉमी खाली पडली. काका कोरड्या आवाजात म्हणाला, "चाल बाई. गाडीत बस. दवाखान्यात जाऊ."

"तुमी चालवत असान तं मी नाई बसत. इथंच मरते."

ती खरंच मेली असती. हे त्याला कळलं, मला कळलं, बोळाला कळलं. ती जमिनीवर बसायला लागली होती, पाय टिकत नव्हते. तेव्हा काकू पुढे आली. आम्हा सगळ्यांदेखत, मोठ्या आवाजात, आयुष्यात पहिल्यांदा ती नवऱ्याशी चारचौघांत बोलली.

"चाबी द्या."

काकानं किल्ली दिली. तिनं ती माझ्या हातात ठेवली. ती गाडी मी त्याआधी कधी चालवली नव्हती, त्यानं कुणालाच चालवू दिली नव्हती. सुषमाताईला आम्ही दोघांनी आत घेतलं. दार मला लागेना. काकानं बाहेरून ते वर उचललं, कंबरेनं धक्का दिला आणि लावलं, आणि मग तो मागे सरून जावयाच्या रक्तात उभा राहिला. पोलिस आले तेव्हाही तो तिथेच होता.

जावई जगला, लंगडत. सुषमाताईचा हात जुळला. काडीमोड झाली. काका काही दिवस आत राहून माझ्या वडिलांच्या जामिनावर घरी आला. त्या केसचं पुढे आपसात मिटलं. सुषमाताई गावात आली नाही. तिनं अमरावतीत खोली घेतली, देवळाबाहेर हारांचं दुकान टाकलं आणि आठवड्यातले चार दिवस काकू तिच्याकडे राहायला लागली. कुणी तिला विचारलं नाही, तिनंही कुणाला विचारलं नाही. आबांना कुणी काय सांगितलं ते मला माहीत नाही. पण "आमच्या घरात रीत नाई" हे वाक्य त्यांच्या तोंडून परत आलं नाही.

एका दुपारी काकानं कुऱ्हाड घेतली आणि अंगणात उभी असलेली व्हॅन फोडायला सुरुवात केली. आधी काचा, मग दिवे, मग ते सरकतं दार. पत्रा फाटताना होणारा आवाज असह्य होता. त्याच्या हातांतून रक्त येत होतं, तो रडत होता की ओरडत होता हे कळत नव्हतं. माझे वडील लांब उभे राहून "अरे दौलत, अरे दौलत" करत होते. काकू त्या दिवशी घरी होती. तिनं कडेला सूप मांडून झेंडूची फुलं निवडायला घेतलेली. बराच वेळ तिनं मान वर केली नाही. मग म्हणाली, "तिले काहून मारता? तिनं काय केलं?"

काका थांबला. कुऱ्हाड पत्र्यात अडकली होती ती त्यानं काढलीही नाही. सांगाडा पुढे भंगारवाल्यानं नेला.

मी नोकरीनिमित्त अमरावतीला असतो. गेल्या दसऱ्याच्या आधी गावी गेलो तेव्हा काका-काकू ओसरीवर बसून झेंडूचे हार करत होते. आता काकाही हार करतो. जाडजूड बोटांनी, हळू, काकूनं अर्धा डझन करावेत तेव्हा त्याचा एक होतो. आबा गेले, त्यामुळे दोघं एकमेकांशेजारी बसू शकतात. काका वाळला आहे. कान तेवढे मोठे दिसतात. त्यानं मला चहा विचारला, सुषमाताईचं दुकान कसं चाललंय तेही विचारलं; ती त्याच्याशी अजून बोलत नाही. काकू सुपातली फुलं पाखडत होती आणि एक पाकळी उडून तिच्या पांढऱ्या केसांत, कानाच्या वर अडकली. काकानं ती पाहिली. बोलता बोलता, अगदी सहज, ती काढायला त्यानं हात उचलला.

काकूनं मान खाली घातली, डोळे मिटले आणि दोन्ही हात डोक्यावर धरले. सूप उलटलं.

एक क्षणभरच. लगेच तिनं डोळे उघडले, हात खाली घेतले आणि जणू काही झालंच नाही अशी ती सांडलेली फुलं गोळा करू लागली. काकाचा हात हवेत तसाच राहिला होता. मग त्यानं दुसऱ्या हातानं तो मनगटाशी धरला, खाली आणला आणि मांडीखाली घालून त्यावर बसला. मी निघेपर्यंत तो तसाच बसून होता, आणि पाकळी काकूच्या केसांत होती.